राष्ट्रपति : शिक्का कीं सत्ता?

गिरगांवांतील एखाद्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचें किंवा दादरच्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेचें कामकाज ज्यानें जवळून पाहिलें आहे, त्याला राज्यशास्त्रांतील एक अवघड प्रश्न न शिकतां समजलेला असतो. मंडळाचा अध्यक्ष सभेच्या मध्यभागीं बसतो, हारतुरे स्वीकारतो, पत्रिकेवर त्याचें नांव प्रथम छापलें जातें; परंतु वर्गणी किती घ्यावी, मांडवाचें काम कोणाला द्यावें आणि उरलेल्या शिलकेचें काय करावें, हें चिटणीस व कार्यकारिणी ठरवितात. अध्यक्षाच्या सहीवांचून ठराव पुरा होत नाहीं. पण ठराव अध्यक्षाचा नसतो. वर्ष सुरळीत गेलें तर हा भेद कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. हिशेबांत खोट आली म्हणजे मात्र सभासद प्रथम विचारतात, ‘सही कोणाची?’ आणि त्यामागून अधिक महत्त्वाचा प्रश्न विचारतात, ‘ठरविलें कोणीं?’

भारतीय प्रजासत्ताकाच्या शिखरावर घटनेनें हाच भेद घडविला आहे. कलम ५३ सांगतें कीं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायीं राहील. कलम ७४ सांगतें कीं, राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठीं पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालीं एक मंत्रिमंडळ असेल. कलम ७५ सांगतें कीं, हें मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीनें जबाबदार राहील. तीनही वाक्यें सरळ आहेत. परंतु २६ जानेवारी १९५० रोजीं घटना अंमलांत आली, तेव्हां एक वाक्य तींत नव्हतें. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींनीं मानलाच पाहिजे, असें कोठेंही लिहिलेलें नव्हतें. या न लिहिलेल्या वाक्यावर पुढील पाऊणशें वर्षांत ग्रंथ लिहिले गेले, खटले लढले गेले, दोन वेळां घटना दुरुस्त झाली, आणि एकदां तर एका रात्रींत एका सहीनें सबंध देशाचें नागरिक स्वातंत्र्य संपुष्टांत आलें. या विषयाच्या अभ्यासांत मुंबईकर पंडितांचा वाटा मोठा आहे. परळ, दादर, गिरगांव आणि कोट हे पत्ते या वादाच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां येतात.

नांव एकाचें आणि कारभार दुसऱ्याचा, ही रचना मराठी माणसाला नवी नव्हे. शाहू छत्रपतींच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७४९ नंतर, राज्याची गादी साताऱ्यास राहिली आणि सत्ता पुण्यास गेली. पेशवेपदाचीं वस्त्रें साताऱ्याहूनच यावयाचीं, शिक्क्यावर छत्रपतींचेंच नांव असावयाचें; परंतु स्वारी कोठें करावी व तह कोणाशीं करावा, याचा निर्णय साताऱ्यास होत नसे. पुढें सवाई माधवरावांच्या नांवानें नाना फडणीस कारभार करूं लागले, तेव्हां एका नांवाखालीं दुसरें नांव आणि त्याखालीं तिसऱ्याचा हात, अशी स्थिति झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या इतिहासांत या बदलाची मीमांसा केली आहे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत पदें वंशपरंपरेनें चालत नव्हतीं आणि एक प्रधान दुसऱ्याला तोलून धरीत होता. पुढें पदें वंशपरंपरागत झालीं, एक प्रधान इतरांहून मोठा झाला आणि तो तोल गेला, असा रानड्यांचा निष्कर्ष आहे.

गिरगांवांत राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं त्या ग्रंथाचा तिसरा खंड १९४६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत राजधर्माचें विस्तृत विवेचन आहे. राजानें मंत्र्यांवांचून कार्य करूं नये, असा उपदेश प्राचीन ग्रंथांत जागोजाग सांपडतो. परंतु त्या मंत्र्यांना व त्या राजाला रोजच्या रोज जाब विचारणारी लोकांनीं निवडलेली सभा त्यांत दिसत नाहीं. साताऱ्याच्या गादीपुढें आणि पुण्याच्या दरबारापुढेंही अशी सभा नव्हती. म्हणजे नांव व हात वेगळे असण्यांत खरा धोका नाहीं. त्या हाताला विचारणारा कोणी नसण्यांत धोका आहे.

परळच्या बी. आय. टी. चाळींत ज्यांनीं उमेदीचीं वर्षें काढलीं आणि पुढें दादरच्या हिंदु कॉलनींत ‘राजगृह’ बांधून आपला प्रचंड ग्रंथसंग्रह ज्यांनीं तेथें ठेविला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचाराचा गाभा हाच होता. त्यांचें मत मात्र एकाएकीं बनलेलें नव्हतें. १९४७ सालीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनें त्यांनीं घटनेचा जो आराखडा मांडला, त्यांत इंग्लंडच्या धर्तीचें मंत्रिमंडळ नाकारलें होतें. पंतप्रधान सबंध सभागृहानें निवडावा, मंत्र्यांची निवडही सभागृहानेंच ठरलेल्या पद्धतीनें करावी, आणि एकदां बनलेलें सरकार विधिमंडळाची मुदत संपेपर्यंत काढतां येऊं नये, अशी त्यांची सूचना होती. कारण उघड होतें. इंग्लंडांत आज अल्पमतांत असलेला पक्ष उद्यां बहुमतांत येतो. भारतांत बहुमत हें जन्मानें ठरणाऱ्या जातिधर्माचें झालें, तर तें कायमचेंच बहुमत राहील आणि अल्पसंख्याकांच्या वांट्याला सत्ता कधींच येणार नाहीं.

पुढें मसुदा समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा घटनासमितीपुढें मांडतांना त्यांनीं दोन पद्धतींची तुलना केली. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठीं निवडला जातो. त्याचे मंत्री त्याचे नोकर असतात, ते विधिमंडळांत बसत नाहींत, आणि केवळ अविश्वासाच्या ठरावानें त्याला दूर करतां येत नाहीं. इंग्लंडचें मंत्रिमंडळ पार्लमेंटांतून येतें आणि तिचा विश्वास गेला कीं जातें. पहिल्या पद्धतींत स्थैर्य अधिक आहे, दुसरींत जबाबदारी अधिक आहे. दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणांत देणारी पद्धति अजून कोणाला सांपडलेली नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. अमेरिकेंत सरकारची परीक्षा ठराविक मुदतीनें होते. इंग्लंडांत ती मुदतीनें तर होतेच, शिवाय प्रश्न, ठराव, तहकुबीच्या सूचना आणि अविश्वासाचे प्रस्ताव यांच्या द्वारें रोजच्या रोजही होते. मसुद्यानें स्थैर्यापेक्षां जबाबदारीला अधिक मान दिला होता. मग राष्ट्रपतींचें स्थान कोणतें? तो राष्ट्राचा प्रतिनिधि आहे, राज्यकर्ता नव्हे. राष्ट्राचे निर्णय ज्या मोहरेनें जाहीर होतात, त्या मोहरेवरील चिन्हासारखें त्याचें स्थान आहे, असें आंबेडकरांनीं स्पष्ट केलें.

हें सर्वांना पटलें असें नाहीं. मुंबई विद्यापीठांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले के. टी. शहा हे घटनासमितींत बिहारच्या जागेवरून बसत. डिसेंबर १९४८ मध्यें त्यांनीं सुचविलें कीं, विधिमंडळ, कार्यकारी सत्ता व न्यायसंस्था हीं तीन अंगें पूर्णपणें अलग ठेवावींत. राष्ट्रपति प्रौढ मतदारांनीं प्रत्यक्ष निवडावा, असेंही त्यांचें म्हणणें होतें. मंत्र्यांनीं विधिमंडळांत बसून त्याच विधिमंडळावर हुकमत गाजवावी, हें त्यांना घातक वाटत होतें. त्यांच्या सूचना फेटाळल्या गेल्या. त्या चर्चेंत इंग्रजी पद्धतीची बाजू घेणाऱ्यांत मुंबईचे वकील व मसुदा समितीचे सभासद कन्हैयालाल मुन्शी हे अग्रभागीं होते. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पंधरा वर्षांनंतर याच मुन्शींनीं वेगळी बाजू मांडली.

राष्ट्रपतींना बांधून टाकणारें वाक्य घटनेंत घातलें गेलें नाहीं, यालाही इतिहास आहे. राष्ट्रपतींसाठीं सूचनांचें एक परिशिष्ट जोडावें, असा विचार घटनासमितींत झाला होता. तो अखेर सोडून देण्यांत आला. इंग्लंडांत राजा मंत्र्यांच्या सल्ल्यानें वागतो, तें लिखित कायद्यामुळें नव्हे, तर रूढीमुळें. तीच रूढी येथेंही रुजेल, अशी धारणा होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं समारोपाच्या भाषणांत खुद्द घटनासमितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनींही, असें बंधन शब्दांत नसलें तरी ती रूढी पडेल, अशी आशा व्यक्त केली. थोड्याच दिवसांत तेच पहिले राष्ट्रपति झाले.

रूढीची पहिली कसोटी दोन वर्षांच्या आंत लागली. कायदेमंत्री आंबेडकर यांचें हिंदु संहितेचें विधेयक संसदेपुढें असतां, १८ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपतींनीं पंतप्रधान नेहरूंना लिहिलें कीं, या विधेयकाच्या बाबतींत आपण स्वतःच्या विवेकबुद्धीनें निर्णय घेऊं इच्छितो. नेहरूंनीं दोघां कायदेपंडितांचा सल्ला घेतला. एक मद्रासचे अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, आणि दुसरे ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. सेटलवाड हे मुंबईच्या उच्च न्यायालयांत नांवारूपाला आलेले वकील व मुंबई सरकारचे माजी ॲडव्होकेट जनरल. दोघांचेंही मत एकच पडलें: राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें बांधलेले आहेत. मोहरेवरील चिन्हानें मोहर उमटविणाऱ्या हाताला प्रथमच अडविण्याचा विचार केला, आणि तो ज्या विधेयकाच्या निमित्तानें केला तें विधेयक त्या चिन्हाची उपमा देणाऱ्या गृहस्थांचेंच होतें, हा योगायोग विलक्षण खरा.

राजेंद्रप्रसादांची शंका मात्र फिटली नाहीं. २८ नोव्हेंबर १९६० रोजीं दिल्लींत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीची कोनशिला बसवितांना त्यांनीं विद्वानांनाच आवाहन केलें. भारताच्या राष्ट्रपतींचे अधिकार इंग्लंडच्या राजाइतकेच आहेत काय, याचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, असें त्यांनीं सुचविलें. विद्यमान राष्ट्रपतींनीं आपल्याच पदाच्या मर्यादा संशोधनाचा विषय म्हणून पुढें ठेवाव्या, हा प्रसंग असाधारण होता आणि त्याचा बोलबाला झाला.

या आवाहनाला सर्वांत ठसठशीत प्रतिसाद आला तो गिरगांव चौपाटीजवळच्या भारतीय विद्याभवनांतून. भवनाचे संस्थापक मुन्शी यांनीं राष्ट्रपतिपदावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६३ सालीं भवनानेंच प्रसिद्ध केला. मुन्शी हे नुसते वकील नव्हते. १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळांत ते गृहमंत्री होते आणि १९५२ ते १९५७ पर्यंत उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते. नांव असणारी खुर्ची आणि हात असणारी खुर्ची, दोन्हींचा त्यांना अनुभव होता. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: इंग्लंडचा राजा जन्मानें येतो, भारताचा राष्ट्रपति निवडून येतो. त्याची निवड केवळ संसद करीत नाहीं. राज्यांच्या विधानसभांचे सभासदही मत देतात. म्हणून तो दिल्लींतील बहुमताचा नव्हे, तर सबंध संघराज्याचा प्रतिनिधि आहे. मंत्री घटनेशीं निष्ठा राखण्याची शपथ घेतात. राष्ट्रपति घटनेचें रक्षण व संवर्धन करण्याची शपथ घेतो. ज्यानें रक्षणाची शपथ घ्यावयाची, त्याच्या हातीं रक्षणाचें साधन नको काय? एकाच पक्षाचें प्रचंड बहुमत घटनेच्या मर्यादा ओलांडूं लागलें, तर त्याला थोपविणार कोण?

हा युक्तिवाद हलका नव्हता. परंतु त्याला एक सरळ उत्तर होतें. बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींनीं झिडकारला आणि त्यानें राजीनामा दिला, तर राष्ट्रपतींना दुसरें मंत्रिमंडळ शोधावें लागेल. तें लोकसभेचा विश्वास मिळवूं शकणार नाहीं. त्याचें अंदाजपत्रक मंजूर होणार नाहीं. सरकारी खजिन्यांतून पैसा काढतां येणार नाहीं. म्हणजे कलम ७४ मध्यें जें लिहिलेलें नाहीं, तें कलम ७५ नें आपोआप घडवून आणलें आहे. शिवाय, जो राष्ट्रपति आज चांगल्या हेतूनें संसदेला अडवील, त्याला उद्यां वाईट हेतूनें अडवितांना रोखणारें कोणीही नाहीं; त्याला रोज प्रश्न विचारण्याची सोय कोठेंच नाहीं. त्याच्यापुरती महाभियोगाची वाट तेवढी आहे, आणि ती अतिशय लांबची वाट आहे.

न्यायालयें याच दिशेनें गेलीं. १९५५ सालीं राम जवाया कपूर यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रपति हे घटनात्मक प्रमुख होत, असा निर्णय दिला. १९७१ सालीं न्यायालय म्हणालें कीं, लोकसभा विसर्जित झाली तरी मंत्रिमंडळ असलेंच पाहिजे. राष्ट्रपतींना एकट्यानें राज्य चालवितां येणार नाहीं. १९७४ सालीं शमशेरसिंग यांच्या खटल्यांत सात न्यायाधीशांनीं हा प्रश्न बव्हंशीं मिटविला. राष्ट्रपति व राज्यपाल मंत्र्यांच्या सल्ल्यानेंच वागतात. अपवाद थोडे, म्हणजे सभागृहांत स्पष्ट बहुमत कोणालाच नसतांना पंतप्रधान निवडणें, बहुमत गमावूनही पद न सोडणाऱ्या सरकारला दूर करणें, आणि क्वचित् सभागृहाच्या विसर्जनाचा प्रश्न. वाद संपला असें वाटत असतांनाच, वर्षाच्या आंत, त्यांतील मोठें छिद्र उघडें पडलें.

२५ जून १९७५ च्या रात्रीं राष्ट्रपति फक्रुद्दीन अली अहमद यांनीं अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. सल्ला पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा होता. मंत्रिमंडळाची बैठक झालेलीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली, आणि तोंपर्यंत विरोधी पक्षांचे पुढारी अटकेंत गेले होते. सरकारी कामकाजाच्या नियमांत बाराव्या क्रमांकाचा एक नियम आहे. निकडीच्या प्रसंगीं पंतप्रधानांनीं ठराविक रीत बाजूला ठेवावी व मंत्रिमंडळाची संमति मागाहून घ्यावी, अशी सोय त्यानें केली आहे. तोच नियम त्या रात्रीं वापरला गेला. पंचवीस वर्षें पंडितांनीं घोळविलेला प्रश्न होता कीं, राष्ट्रपतीनें सल्ला मानावा कीं मानूं नये. त्या रात्रीं दुसराच प्रश्न निर्णायक ठरला: सल्ला म्हणजे काय? तो मंत्रिमंडळाचा असावा लागतो, कीं एका व्यक्तीच्या चिठीनेंही चालतो? साताऱ्याच्या इतिहासांतून रानड्यांनीं काढलेला बोध येथें नव्या रूपानें उभा राहिला. आठ प्रधानांचा तोल गेला कीं शिक्का एकाच्याच हातीं जातो.

यानंतर दोन दुरुस्त्या झाल्या, आणि त्यांच्यांतील फरक बोलका आहे. १९७६ च्या बेचाळीसाव्या दुरुस्तीनें जें वाक्य मूळ घटनेंत नव्हतें तें घातलें: राष्ट्रपति सल्ल्याप्रमाणेंच वागेल. यानें मुन्शींच्या युक्तिवादाचा पाया शब्दानें काढून घेतला. परंतु सल्ला देणाऱ्यावर कसलेंही बंधन आलें नाहीं. तें काम १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या दुरुस्तीनें केलें. राष्ट्रपतीला सल्ला एकदां फेरविचारासाठीं परत पाठवितां येतो; तोच सल्ला पुन्हां आला, तर मात्र मानावा लागतो. आणीबाणीची घोषणा तर मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्यावांचून करतांच येत नाहीं. ‘अंतर्गत अशांतता’ हें कारण जाऊन त्या जागीं ‘सशस्त्र उठाव’ आला, आणि संसदेची मंजुरी एका महिन्याच्या आंत घ्यावी लागते. सहीचें सामर्थ्य न वाढवितां सहीमागच्या कागदाला शिस्त लावावी, हा या दुरुस्तीचा मार्ग होता.

कागदाचें महत्त्व किती, हें पुण्यांतील एका संशोधकानें दाखवून दिलें. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्राध्यापक डी. सी. वाधवा हे बिहारमधील जमीनधाऱ्याचा अभ्यास करीत होते. कायदे शोधतां शोधतां त्यांना दिसलें कीं, ज्यांना कायदे समजावें त्यांतील पुष्कळसे मुळीं कायदेच नाहींत. ते राज्यपालांनीं काढलेले वटहुकूम आहेत. विधिमंडळाची बैठक नसतांना तातडीच्या कामासाठीं वटहुकूम काढण्याचा अधिकार राष्ट्रपतींना कलम १२३ नें व राज्यपालांना कलम २१३ नें दिला आहे; परंतु बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनीं तो वटहुकूम संपतो. बिहारमध्यें तो संपला कीं जसाच्या तसा पुन्हां काढला जाई. वाधवांनीं जुनीं राजपत्रें चाळून मोजदाद केली. १९६७ ते १९८१ या काळांत २५६ वटहुकूम अशा रीतीनें जिवंत ठेवले गेले, कांहीं तर चौदा चौदा वर्षें. त्याच काळांत विधिमंडळानें केलेले कायदे १८९ होते. १९८३ सालीं त्यांनीं हें पुस्तकरूपानें मांडलें आणि मग स्वतःच सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. २० डिसेंबर १९८६ रोजीं न्यायालयानें ही प्रथा घटनाबाह्य ठरविली व संशोधकाच्या श्रमाची दखल घेऊन त्यांना दहा हजार रुपये खर्च देवविला. पुढें २ जानेवारी २०१७ रोजीं, बिहारच्याच दुसऱ्या एका प्रकरणांत सात न्यायाधीशांच्या पीठानें वटहुकूम विधिमंडळापुढें ठेवणें हें सक्तीचें आहे, असेंही सांगितलें. मुन्शींचें संशोधन घटनेच्या शब्दांचें होतें. वाधवांचें संशोधन सत्तेच्या रोजच्या वागणुकीचें होतें. शब्दांवर दोन विद्वानांचीं दोन मतें पडूं शकतात. २५६ या आंकड्यावर दोन मतें पडत नाहींत.

राष्ट्रपतींच्या सहीचा मुंबईशीं अगदीं जवळचा संबंध येतो तो कलम ३५६ मुळें. राज्याचें सरकार घटनेप्रमाणें चालत नाहीं अशी खात्री झाल्यास राष्ट्रपति राज्याचा कारभार हातीं घेतात. ‘राष्ट्रपति राजवट’ असें तिचें नांव असलें, तरी ती अर्थातच केंद्रीय मंत्रिमंडळाची राजवट असते. ११ मार्च १९९४ रोजीं बोम्मई खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं हा अधिकार तपासणीच्या कक्षेंत आणला. त्यांतील एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांचें आहे. मुंबई उच्च न्यायालयांत वकिली करून व तेथेंच न्यायाधीश होऊन ते सर्वोच्च न्यायालयांत गेले होते. सरकारला बहुमत आहे कीं नाहीं, हें राजभवनांत नव्हे, तर सभागृहांत ठरलें पाहिजे. आणि राष्ट्रपतींना दिलेला सल्ला न्यायालयानें पाहूं नये असें असलें, तरी तो ज्या आधारावर दिला ते कागद न्यायालय मागवूं शकतें, असें या निकालानें ठरलें.

या तत्त्वाची परीक्षा पंचवीस वर्षांनीं मलबार हिलवर झाली. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं महाराष्ट्रांत राष्ट्रपति राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या पहांटे पांच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनीं ती उठली आणि कांहीं तासांतच राजभवनांत मुख्यमंत्र्यांचा शपथविधि झाला. राजवट उठविण्यापूर्वीं केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. तोच बारावा नियम वापरला गेला होता. येथें १९७८ च्या दुरुस्तीची मर्यादा दिसून येते. लेखी निर्णयाची अट तिनें आणीबाणीला लावली, राष्ट्रपति राजवट लावण्याला किंवा उठविण्याला लावली नाहीं. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानें दुसऱ्याच दिवशीं सभागृहांत बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला, आणि त्याच दिवशीं मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिला. पुढें जून २०२२ मधील सत्तांतराच्या वादांत ११ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांनीं असा निर्वाळा दिला कीं, राज्यपालांजवळ पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नसतांना त्यांनीं बहुमत सिद्ध करावयास सांगितलें, हें योग्य नव्हतें. परंतु मुख्यमंत्र्यांनीं आपण होऊन राजीनामा दिल्यामुळें त्यांना पुन्हां पदावर बसवितां येत नाहीं. दोन्ही प्रसंगीं पक्ष निराळे, लाभ निराळ्यांचा. प्रश्न मात्र एकच होता: सहीमागें कोणता कागद होता?

मग राष्ट्रपतिपद निरर्थक आहे काय? अनुभव तसें सांगत नाहीं. ऑक्टोबर १९९७ मध्यें उत्तर प्रदेशांत राष्ट्रपति राजवट लावण्याची शिफारस राष्ट्रपति के. आर. नारायणन् यांनीं फेरविचारासाठीं परत पाठविली. सरकारनें ती सोडून दिली. २००६ सालीं संसद सभासदांच्या लाभाच्या पदांविषयींचें विधेयक राष्ट्रपति अब्दुल कलाम यांनीं परत पाठविलें; संसदेनें तें पुन्हां तसेंच मंजूर केलें आणि मग त्यांनीं सही केली. पहिल्या प्रसंगीं सरकार थांबलें, दुसऱ्या प्रसंगीं राष्ट्रपति नमले. दोन्ही वेळां घटनेचें कार्य यथास्थित झालें. कारण निर्णय घेणाऱ्याला आपला निर्णय दुसऱ्यांदा, उघडपणें आणि सर्व देशासमक्ष घ्यावा लागला. मुन्शींना हवा होता तो रक्षक अशा मर्यादित रूपानें घटनेंत आहे. त्याच्या हातीं तलवार नाहीं. ‘पुन्हां विचार करा’ एवढें म्हणण्याचा अधिकार आहे.

आंबेडकरांनीं १९४८ सालीं जबाबदारीला स्थैर्याहून वरचें स्थान दिलें, त्याचा अर्थ या सर्व इतिहासांतून अधिक स्पष्ट होतो. जबाबदारी ही मनाची भावना नसून ती एक व्यवस्था आहे. ती चालण्यासाठीं निर्णय लेखी असावा लागतो, तो एकापेक्षां अधिक माणसांनीं घेतलेला असावा लागतो, आणि प्रश्न विचारणारी सभा वेळेवर भरावी लागते. या तिहींपैकीं एक जरी सुटलें, तरी शिक्का ज्याचा त्याच्याच नांवानें उमटत राहतो आणि हात कोणाचा हें कळेनासें होतें. मोठी घोषणा झाल्याचें ऐकतांच सही कोणाची हें लोक विचारतात, तें ठीकच आहे. परंतु सल्ला कोणीं दिला, तो कोणत्या बैठकींत व कोणत्या कागदावर दिला, आणि सभागृह केव्हां भरणार, हे तीन प्रश्न चाळीच्या वार्षिक सभेंत विचारावयास जो नागरिक कचरत नाहीं, त्यानें ते राज्याच्या बाबतींतही विचारावयास कचरण्याचें कारण नाहीं.